भारताचे एडिसन म्हणवले गेलेले शंकर आबाजी भिसे : यंत्र अडलं, औषध मात्र बाजारात पोचलं

समजा, देवळाली प्रवरामधल्या एखाद्या पोरानं घरच्या मागच्या खोलीत एक यंत्र बनवलं. सलाइनची बाटली संपत आली की नर्सच्या मोबाईलवर घंटी वाजते, एवढंच त्याचं काम. पोरानं व्हिडिओ टाकला. गावानं शेअर केला, राहुरीतल्या डॉक्टरांनी शाबासकी दिली, स्थानिक पेपरात फोटो आला.

मग पुढं काय?

पुढं बहुतेक वेळा काहीच होत नाही. यंत्र माळ्यावर जातं आणि पोरगं नोकरीला लागतं. कारण यंत्र बनवणं हे एक काम आहे आणि ते दवाखान्यापर्यंत पोचवणं हे दुसरं. पेटंट कोण काढणार, पैसा कोण लावणार, हे विकलं जाईल का, सरकारी मंजुरी कशी मिळते, हे सगळं सांगणारा जाणकार माणूस शेजारी असावा लागतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मराठी माणसापुढं नेमका हाच प्रश्न होता. त्याला मदत करायला कोण कोण उभं राहिलं, ती नावं वाचली तर विश्वास बसणार नाही. दादाभाई नौरोजी, दिनशा वाच्छा, गोपाळ कृष्ण गोखले, सर रतन टाटा. एवढं सगळं असूनही त्याचं सगळ्यात मोठं यंत्र बाजारात रुजलं नाही. रुजलं ते एक छोटंसं औषध.

ही गोष्ट आहे शंकर आबाजी भिसे यांची.

चौदाव्या वर्षी घरात गॅस बनवणारा मुलगा

भिसेंचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. त्या घरांत शिकून सरकारी कचेरीत कारकुनी करायची वाट ठरलेली असायची. भिसेंनीही काही वर्षं सरकारी नोकरी केली. पण लक्ष सगळं यंत्रांत.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच दगडी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं होतं. विज्ञानाचं मोठं शिक्षण त्यांना मिळालं नव्हतं. अमेरिकेतून येणारी विज्ञानाची मासिकं वाचायची, त्यातली चित्रं समजून घ्यायची आणि हाताशी जे मिळेल त्यातून करून बघायचं, हीच त्यांची शाळा.

विशी-पंचविशीत त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्यांचं एक मंडळ काढलं. मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत जावं म्हणून विविध कलाप्रकाश नावाचं मासिकही चालवलं. एका वस्तूची बघता बघता दुसरी वस्तू झाल्यासारखी दिसावी, असे दृष्टिभ्रमाचे खेळ ते करून दाखवत. हे खेळ पुढं इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जाऊनही त्यांनी दाखवले.

पण त्यांचं मन रमायचं ते रोजच्या अडचणींत. बाटलीत कुणी भेसळ केली तर लगेच कळावं, अशी बाटली त्यांनी बनवली. लोकलच्या डब्यात पुढचं स्टेशन कोणतं ते दाखवणारी पाटी त्यांनी तयार केली. आज लोकलमध्ये बसलं की पुढील स्टेशनची घोषणा होते ना? त्या गरजेवर हा माणूस एकोणिसाव्या शतकात विचार करत होता.

बायकोच्या उशाशी बसून काढलेलं चित्र

१८९० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या संशोधकांच्या एका नियतकालिकानं स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप वजन करून देणारं यंत्र सुचवा, असा विषय होता. दुकानात साखर, पीठ, चहा हे सगळं हातानं मोजायचा तो काळ.

भिसेंची पत्नी तेव्हा आजारी होती. रात्र रात्र जागून तिची शुश्रूषा करताना त्यांनी या यंत्राचा आराखडा काढला आणि इंग्लंडला पाठवून दिला. निकाल लागला तेव्हा इंग्रज स्पर्धकांना मागं टाकून मुंबईचा हा माणूस पहिला आला होता.

मुंबईत एकच बोलबाला झाला. लंडनला जाऊन भांडवलदार शोधावेत, असं ठरलं. मदत करणारेही पुढं आले. काँग्रेसचे मुंबईतले मोठे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांच्या हातात एक ओळखीचं पत्र दिलं. ते पत्र होतं दादाभाई नौरोजींच्या नावानं.

दादाभाईंना यंत्रात काय दिसलं?

दादाभाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला दाढीवाला फोटो आणि संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत आठवतो. पण ते नुसते राजकारणी नव्हते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले आणि पुढं स्वतःची कापसाची पेढी काढली. १८९२ ते १८९५ ते ब्रिटिश पार्लमेंटचे खासदार होते. म्हणजे हिशेब, व्यापार आणि लंडनमधल्या ओळखी, तिन्ही त्यांच्याकडं होतं.

भिसेंना त्यांनी दारातून परत पाठवलं नाही. त्यांच्याशी रीतसर करार केला, धंद्याची आखणी करायला मदत केली आणि स्वतःचे पैसे घातले. आजच्या भाषेत सांगायचं तर ते भिसेंचे पहिले गुंतवणूकदारही झाले आणि पहिले सल्लागारही.

यामागं नुसती दया नव्हती. भारतीय माणसाला यंत्र कळत नाही, तो फक्त शेती आणि कारकुनी करू शकतो, असं तेव्हा इंग्रज सर्रास म्हणत. भारतीयानं बनवलेलं यंत्र लंडनच्या बाजारात विकलं गेलं असतं तर त्या म्हणण्याला परस्पर उत्तर मिळालं असतं. काँग्रेसच्या नेत्यांनी एका संशोधकासाठी एवढी धडपड का केली, याचं कारण इथं आहे.

पैसा आणि आधार मिळाल्यावर भिसेंच्या डोक्यातून कल्पनांचा पाऊसच पडला. दुकानांवर लावायच्या विजेच्या जाहिरातींच्या पाट्या त्यांनी बनवल्या. लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या गेल्या. स्वयंपाकघरातली साधनं झाली, टेलिफोनचा एक प्रकार झाला, आपोआप पाणी सुटणारं शौचकूप झालं. डोकेदुखीवर एक उपकरणही झालं. १९०५ मध्ये तर त्यांनी स्त्रियांच्या अंतर्वस्त्राच्या एका सुधारित प्रकाराचं पेटंट घेतलं.

त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट सांगितली जातात. पण त्यांचा जीव अडकला होता तो एकाच यंत्रात.

भिसोटाइप म्हणजे नक्की काय?

आज आपण मोबाईलवर टाइप करतो. तेव्हा छपाई म्हणजे खिळ्यांचा खेळ होता. शिसं, अँटिमनी आणि कथिल यांचा रस साच्यात ओतून एकेक अक्षराचा धातूचा खिळा पाडायचा. खिळे लाकडी खणांत लावून ठेवायचे. मग जुळाऱ्यानं एकेक खिळा उचलून शब्द, ओळ आणि पान जुळवायचं.

मराठी वाचकाला या कामाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इंग्रजीची २६ अक्षरं. आपल्याकडं काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरली तर खिळ्यांचे शेकडो प्रकार लागायचे. मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागरच्या रूपानं या धंद्यात केवढं नाव काढलं होतं, ते भिसेंच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

खिळे पाडण्याचा वेग वाढवणं सोपं नसतं. रस ओतला की तो साच्यात गार व्हावा लागतो. घाई केली तर खिळ्यात पोकळी राहते आणि छापताना अक्षर तुटतं. भिसेंनी यावर तोड काढली. एका वेळी अनेक खिळे पाडायचे आणि तेही स्वच्छ, सारख्या उंचीचे. या यंत्राला नाव पडलं भिसोटाइप. तेव्हाच्या साध्या यंत्रांपेक्षा ते कितीतरी जलद होतं.

यंत्र कागदावर चोख होतं. आता ते कारखान्यात उतरवायचं होतं. आणि गाडी इथंच अडली.

पंधरा हजार पौंडांची वाट

एखाद्या यंत्राचा नमुना बनवायला थोडे पैसे लागतात. तेच यंत्र शेकड्यानं बनवायला, तपासायला, विकायला आणि बिघडलं तर दुरुस्त करून द्यायला लागतात ते पैसे वेगळे. दादाभाईंच्या खिशाला तो आकडा झेपणारा नव्हता.

मग पुढं आले हेन्री हिंडमन. ब्रिटनमधल्या समाजवादी चळवळीचे हे एक मूळ पुरुष, दादाभाईंचे जुने स्नेही. भिसोटाइपसाठी १५,००० पौंड उभे करून देतो, असं त्यांनी कबूल केलं. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

भिसे वाट बघत राहिले. पैसे आलेच नाहीत.

इकडं पेटंटचं घड्याळ चालूच होतं. तेव्हा ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षांची असायची आणि सुरुवातीची काही वर्षं सरली की ते जिवंत ठेवायला वेळोवेळी फी भरावी लागायची. म्हणजे पैसे उभे करण्यात जी वर्षं जातात, ती कमाईच्या वर्षांतूनच वजा होतात. संशोधक वाट बघत असतो, पण पेटंट त्याच्यासाठी थांबत नाही.

१९०७ मध्ये ८० वर्षांपुढचे दादाभाई तब्येतीमुळं लंडन सोडून कायमचे भारतात परतले. भिसेंचा मोठा आधार गेला. लंडनमधली कार्यशाळा गुंडाळून भिसेही मायदेशी निघाले.

बोटीवर भेटले गोखले

कथेत असं काही लिहिलं तर आपण म्हणू, लेखकानं ओढून ताणून आणलंय. पण हे खरंच घडलं. परतीच्या बोटीवर भिसेंची गाठ पडली गोपाळ कृष्ण गोखल्यांशी.

गोखल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचं नाव पोचवलं रतन टाटांकडं. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, सर रतन टाटा. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचा यॉर्क हाउस नावाचा वाडा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला १९०९ मध्ये २५,००० रुपये देणारे हेच. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवणारेही हेच.

टाटांच्या पैशावर टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. आता पैशाची चिंता नव्हती. भिसोटाइपमध्ये सुधारणा झाल्या, नवे नमुने झाले, नवी पेटंट घेतली गेली.

आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. युरोपातले कारखाने तोफगोळे बनवायला लागले. खिळे पाडायच्या नव्या यंत्रात कुणाला रस उरला नाही. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. सिंडिकेटचं काम थांबलं. १९१८ मध्ये सर रतन टाटाही वारले, अवघ्या ४७ व्या वर्षी.

भिसेंनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा बाडबिस्तरा बांधला आणि गाठलं न्यूयॉर्क.

मग चुकलं कुठं?

इथं जरा थांबून विचार करायला हवा. या माणसाकडं बुद्धी होती. पाठीशी देशातली सगळ्यात वजनदार माणसं होती. नंतर पैसाही होता. तरी यंत्र का रुजलं नाही?

नशीब आणि युद्ध ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण दिसतं. भिसेंच्या सल्लागारांची यादी परत बघा. अर्थतज्ज्ञ, राजकारणी, समाजवादी पुढारी, दानशूर उद्योगपती. सगळे मोठे, सगळे प्रामाणिकपणे मदत करणारे. पण या यादीत खिळ्यांच्या धंद्यात मुरलेला माणूस दिसत नाही.

त्या वर्षांत छपाईचा धंदाच बदलत होता. ऑटमार मेर्गेनथालरचं लायनोटाइप १८८६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आलं होतं. त्यात चालक बटणं दाबायचा आणि अख्खी ओळ एका तुकड्यात ओतून बाहेर यायची. टॉलबर्ट लॅन्स्टनचं मोनोटाइप सुटे खिळे पाडायचं आणि त्याच दमात जुळवूनही द्यायचं. म्हणजे मोठ्या छापखान्यांना खिळे वेगळे पाडून घ्यायची गरजच कमी होत चालली होती. भिसे खिळे पाडायचं काम अधिकाधिक वेगवान करत होते, आणि बाजार त्या कामालाच वळसा घालून पुढं निघाला होता.

शिवाय या कंपन्यांकडं कारखाने होते, विक्रेते होते, दुरुस्तीला पाठवायला माणसं होती. छापखान्याचा मालक नवं यंत्र घेताना वेग बघतो, तसं ते उद्या बंद पडलं तर कोण येणार, हेही बघतो. एकट्या संशोधकाला हा भरवसा देता येत नाही.

चांगल्या सल्लागाराचं काम नुसतं पाठ थोपटणं आणि ओळखी करून देणं नसतं. गिऱ्हाईक उद्या काय मागणार आहे, हे वेळेवर सांगणं आणि गरज पडली तर आवडतं यंत्र बाजूला ठेवायला लावणं, हेही त्याचंच काम असतं. ते सांगणारं भिसेंना वेळेत कुणी भेटलं नसावं.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खिळे पाडायच्या यंत्राची कंपनी काढून पुन्हा जोर लावला. पण जे लंडनमध्ये झालं नाही, ते तिथंही झालं नाही.

आणि बाटलीतून आलं यश

आता येते औषधाची गोष्ट. असं सांगतात की १९१० च्या सुमारास भिसे आजारी पडले आणि एका औषधानं बरे झाले. दुसरा कुणी देवाचे आभार मानून कामाला लागला असता. भिसेंनी ते औषध तपासून घेतलं. आत नेमकं काय आहे, हे त्यांना हवं होतं. उत्तर निघालं आयोडीन.

आयोडीन तसं जुनंच. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्तुआ यांना ते समुद्री शेवाळाच्या राखेतून सापडलं. जखमेतले जंतू ते मारतं. अन्नातून कमी पडलं तर गलगंड होतो, म्हणून तर आज आपल्या मिठात ते घातलेलं असतं. पण तेव्हा ते मिळायचं टिंक्चरच्या रूपात, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं. ज्यांनी लहानपणी गुडघा फोडून घेतलाय त्यांना आठवत असेल, टिंक्चर आयोडीन लावलं की जखमेपेक्षा औषधच जास्त झोंबायचं. वर कातडीवर पिवळे-तपकिरी डाग पडायचे.

आयोडीनचा गुण ठेवायचा आणि त्रास कमी करायचा, यामागं भिसे लागले. त्यातून आधी बेसलीन नावाचं औषध आलं. पुढं त्यात सुधारणा होऊन १९२० च्या दशकात जे आलं, त्याचं नाव ॲटोमिडीन. पाण्यात आयोडीनच्या संयुगाचं हे सौम्य द्रावण होतं.

जे भिसोटाइपला वीस वर्षांत जमलं नाही, ते या बाटलीला जमलं. औषध तयार झालं, विकलं गेलं, लोकांनी वापरलं. न्यूयॉर्कमध्ये भिसेंना स्थिरपणा आला तो याच काळात.

का जमलं? एक तर बाटली भरायला धातूचे साचे आणि मोठा कारखाना लागत नाही. थोडक्या भांडवलात सुरुवात होते. बिघडलं म्हणून दुरुस्तीला माणूस पाठवावा लागत नाही. आणि गिऱ्हाईकाला एकदम हजारो डॉलर मोजायचे नसतात. एक बाटली घेऊन बघतो, पटलं तर दुसरी घेतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्या काळी अमेरिकेत औषध विकणं आजच्या मानानं फार सोपं होतं. १९०६ चा कायदा मुख्यतः भेसळ आणि खोट्या लेबलांविरुद्ध होता. औषध सुरक्षित आहे, हे विक्रीआधी सरकारला दाखवून देण्याची सक्ती १९३८ मध्ये आली. ते खरोखर गुण देतं, हे सिद्ध करायची सक्ती तर थेट १९६२ मध्ये. म्हणजे भिसेंच्या वेळी रुग्णांवर मोठ्या, शिस्तशीर चाचण्या न करताही औषध दुकानात जाऊ शकत होतं.

सोप्या वाटेची किंमत

हा सोपेपणा ॲटोमिडीनच्या पथ्यावर पडला, आणि पुढं मुळावरही आला.

जखमेवर लावायला आयोडीन चांगलं, यात वाद नाही. पण ॲटोमिडीन पोटातही घेतलं जाऊ लागलं आणि नाना तऱ्हेच्या दुखण्यांवर त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. अमेरिकेत एडगर केसी नावाचे एक गृहस्थ होते. ते झोपेसारख्या अवस्थेत जाऊन लोकांना आजारांवर उपाय सांगत. त्यांच्या उपायांत ॲटोमिडीन वारंवार येई. त्यामुळं औषधाला भक्तमंडळी मिळाली. आजही पर्यायी उपचारांच्या दुनियेत हे नाव ऐकू येतं ते त्यामुळंच.

पण औषधाला भक्त मिळणं आणि डॉक्टर मिळणं यात फरक आहे. डॉक्टरला विचारायचं असतं की किती रुग्णांना दिलं, किती बरे झाले, किती जणांना त्रास झाला. त्याची पक्की नोंद नसेल तर औषध दवाखान्याच्या कपाटात फार काळ टिकत नाही.

याच्या उलट उदाहरण बघा. आयोडीन झोंबू नये म्हणून काय करावं, हा भिसेंचाच प्रश्न १९५० च्या दशकात अमेरिकेत दुसऱ्यांनी सोडवला. त्यांनी आयोडीन एका मोठ्या रेणूशी बांधलं, म्हणजे ते हळूहळू सुटत राहतं. ते पोव्हिडोन आयोडीन. आपण त्याला बीटाडीन म्हणून ओळखतो. प्रयोगशाळेतल्या तपासण्या झाल्या, मोठ्या औषध कंपन्या आल्या, आणि आज ऑपरेशनच्या आधी कातडीवर जे तपकिरी औषध लावतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

भिसेंनी प्रश्न बरोबर ओळखला होता. पण तो दवाखान्याला पटेल अशा पुराव्यापर्यंत नेणारी माणसं त्यांच्याभोवती नव्हती.

(आणि हो, आयोडीनचं कोणतंही औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नका. जास्त झालं तर थायरॉइडचं काम बिघडतं.)

एडिसनला भेटलेला माणूस

न्यूयॉर्कमध्येही भिसेंचं डोकं स्वस्थ बसलं नाही. हवेत कोणते वायू किती आहेत हे सांगणारं यंत्र, विजेच्या मदतीनं उपचार करायचं साधन, असं काही ना काही चालूच होतं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत त्यांना भारताचे एडिसन म्हटलं जाऊ लागलं. १९३० मध्ये त्यांची खुद्द थॉमस एडिसनशी भेटही झाली. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि भिसे ६३.

दोघांची तुलना करायचा मोह होतो, पण एक फरक विसरता कामा नये. एडिसनभोवती वकील होते, कारागीर होते, बँकवाले होते. दिव्याच्या कामात न्यूयॉर्कच्या धनिकांचा पैसा सुरुवातीपासून होता. शोध बाजारात न्यायची अख्खी व्यवस्था त्यांनी स्वतःभोवती बांधली होती. भिसेंना ती दर वेळी पहिल्यापासून बांधावी लागली. कधी मुंबईत, कधी लंडनमध्ये, कधी न्यूयॉर्कमध्ये, आणि तीही गुलाम देशाचा नागरिक म्हणून.

७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. ६८ वं वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे बाकी होते.

मागच्या खोलीतल्या त्या यंत्राचं काय?

आता परत देवळाली प्रवराच्या त्या पोराकडं येऊ. भिसेंना जे लंडनच्या दारोदार शोधावं लागलं, त्यातलं बरंच आज आपल्या राज्यात आहे.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर चालतं. संशोधनातून कंपनी उभी करणाऱ्यांना तिथं जागा, उपकरणं आणि पेटंटपासून मंजुरीपर्यंतचा सल्ला मिळतो. आयआयटी मुंबईत बेटिक नावाचं केंद्र आहे. तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून वैद्यकीय उपकरणं बनवतात आणि ती कंपन्यांपर्यंत नेतात. केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था २०१२ पासून अशा कल्पनांना सुरुवातीचा पैसा देते, आणि अर्ज तपासायला त्या त्या विषयातले तज्ज्ञ बसवते.

नियमही आता स्पष्ट आहेत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग पाडलेत. धोका जितका जास्त, तितका पुरावा जास्त. भिसेंच्या काळात ही तपासणी नव्हती म्हणून वाट सोपी होती, पण तपासणीवाचून औषधावरचा विश्वासही टिकला नाही. म्हणून मंजुरीच्या कागदांना नुसती कटकट समजू नका. दवाखान्याचा दरवाजा त्या कागदांनीच उघडतो.

आणि सोशल मीडियावर असणाऱ्या प्रत्येकासाठी एक गोष्ट. पेटंट मिळायला शोध नवा असावा लागतो. तुम्ही स्वतःच त्याची सगळी रचना व्हिडिओत दाखवून टाकली, तर तो जगासमोर आला असं धरलं जातं आणि पेटंट हातचं जाऊ शकतं. आधी तात्पुरता अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. रील मग टाका, लाईक्स तेव्हाही मिळतील.

त्याहीआधी एक काम करा. ज्या नर्सताईंसाठी ते यंत्र बनवलंय, त्यांच्याबरोबर एक रात्रपाळी वॉर्डात बसा. घंटी त्यांना खरंच हवी आहे का, की आधीच चार घंट्या वाजतायत आणि पाचवीनं डोकं उठणार आहे, हे त्याच सांगू शकतील. भिसेंकडं नौरोजी होते, गोखले होते, टाटा होते. खिळे जुळवणारा एखादा जुळारी त्यांच्या सल्लागारांत असता, तर कदाचित या गोष्टीचा शेवट वेगळा झाला असता.